गावतळ्यातले छोटे मासे घरच्या टाकीत आणायचे असतील तर

तळ्यातून मासा पकडायला दहा मिनिटं पुरतात. तो मरतो त्यानंतर: जाळीतून बादलीत जाताना, बादलीतून घरी येताना आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात. म्हणून जाळं विणण्याआधी घरची तयारी करा. ती नसेल तर तळ्यावर नुसते मासे बघायला जा, तेही वाया जात नाही.

घरची तयारी म्हणजे विलगीकरणाचा एक टब. ४०–५० लिटरचा प्लास्टिकचा साधा टब चालतो, काच लागत नाही. त्यात हवेवर चालणारा एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे आणि वर जाळी. हा स्पंज दुकानातून आणून थेट टबात टाकलात तर उपयोग शून्य. आधी तो चालू असलेल्या टाकीत तीन आठवडे ठेवा, म्हणजे माशांच्या अंगातून पाण्यात पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच्यावर बसतात. घरात टाकी नसेल तर ओळखीच्या कुणाच्या टाकीत ठेवायला द्या. पाणी नळाचं असेल तर हवा सोडून २४ तास उघडं ठेवा किंवा अँटिक्लोर, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, घाला.

कुठलं तळं, कुणाचं तळं

पाणी दिसलं की जाळं टाकलं, असं करू नका. पाझर तलाव, गावतळी आणि धरणांचे जलाशय बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मालगुजारी तलावांवर ढीवर मच्छीमारांची उपजीविका चालते. ग्रामपंचायतीत किंवा संस्थेच्या माणसाला आधी विचारा. टाकीसाठी चार बोटभर मासे हवेत म्हटलं की लोक हसतात आणि सहसा नाही म्हणत नाहीत. शिवाय कुठल्या कोपऱ्यात काय मिळतं हेही तेच सांगतात. अभयारण्यातली आणि राष्ट्रीय उद्यानातली तळी वर्ज्य. देवाच्या डोहातले मासेही तसेच. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या मासे राखलेले आहेत, तिथे जाळं घेऊन उभंही राहू नका.

प्लास्टिकच्या कागदाचं शेततळं दिसायला सोपं, पण सगळ्यांत धोक्याचं. ओल्या कागदावर पाय टिकत नाही आणि एकदा आत घसरलं की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. त्यात उतरायचं नाही. तसाही तिथे मालकाने सोडलेला रोहू-कटलाच असतो.

चांगलं तळं ओळखायचं कसं? काठाला पाणकणीस किंवा लव्हाळ्याची रांग, पाण्यात हायड्रिला ही पाणवनस्पती, पाणी चहासारखं किंवा किंचित हिरवट पण हातभर खोलीपर्यंत दिसणारं. मटारच्या सूपासारखं दाट हिरवं पाणी असेल तर तिथे रात्री प्राणवायू संपतो, मासे आधीच अर्धमेले असतात. सकाळी सातच्या सुमारास मासे तोंड वर काढून घुटके घेताना दिसले तर त्या दिवशी जाळं बाहेर काढू नका. अंगावर लाल जखमा, खड्डे पडलेला एक जरी मासा दिसला तरी तळं सोडा. १९८८ पासून भारतात पसरलेला हा व्रणांचा रोग मरळ आणि छोट्या खवलीवर्गीय माशांना जास्त धरतो आणि हिवाळ्यात, पाणी गार झाल्यावर उसळतो.

केव्हा जायचं

जून-जुलैमध्ये नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे, कोकणात वलगणीचे म्हणतात ते, अंडी घालायला ओढ्यानाल्यांनी वर येतात, भातखाचरातही शिरतात. तेव्हा हातानेही सापडतात, आणि म्हणूनच तेव्हा पकडायचे नाहीत: पोटात अंडी असलेली मादी बादलीत सगळ्यांत लवकर मरते. दसऱ्यानंतर जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच वर्षाची दोन-तीन सेंटिमीटरची पिल्लं काठाला झुंडीने असतात, पाणी निवळलेलं असतं आणि ऊन टोचत नाही. लहान मासा प्रवास सोसतो आणि गोळीचं खाणंही लवकर शिकतो. फेब्रुवारीनंतर तळी आटत जातात. मार्चअखेर सुकायला आलेल्या डबक्यातले मासे मात्र खुशाल उचला, ते तसेही बगळ्यांचेच.

वेळ सकाळी आठ ते दहा. त्याआधी पाण्यात प्राणवायू कमी, त्यानंतर बादली तापते.

जाळी

सायकलवर नेता येईल अशी हातजाळी घरी करा. ६ मिलिमीटरची सळई वाकवून ४० × ३० सेंटिमीटरची चौकट, खालची बाजू सरळ, म्हणजे तळाला टेकते. गोल चौकटीखालून मासे निसटतात. दांडा दीड मीटरचा बांबू. कापड मच्छरदाणीचं, मऊ, २ मिलिमीटरच्या छिद्रांचं. पिशवी ३० सेंटिमीटर खोल शिवा. उथळ शिवली तर जाळी उचलताना मासा उडी मारून जातो, खोल असली की मनगट वळवून पिशवी चौकटीवर पलटता येते आणि तोंड बंद होतं. गाठी असलेलं नायलॉनचं जाळं किंवा हिरवी शेडनेट नको. त्यात खवलं निघतात, आणि खवलं गेलेल्या जागी तिसऱ्या दिवशी कापसासारखी बुरशी चढते.

दोघं असाल तर ओढजाळ. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद मच्छरदाणीचं कापड, दोन टोकांना दोन काठ्या, खालच्या काठाला शिशाचे मणी किंवा बारीक साखळी. काठापासून तीन-चार मीटर आत जाऊन काठाकडे सावकाश ओढायचं, खालची कड तळाला घासत ठेवायची, काठ आला की खालची कड आधी पुढे सरकवून उचलायची. चुकतं ते इथेच: लोक वरची कड आधी उचलतात आणि सगळी झुंड खालून पसार होते.

हातजाळी वापरताना माशाच्या मागे धावू नका. जाळी काठाच्या गवताखाली खालून वर दाबायची आणि दुसऱ्या हाताने किंवा पायाने गवत हलवायचं. घाबरलेला मासा गवतातून निघून थेट पिशवीत येतो. एका जागी तीनदा केल्यावर पुढे सरका. गाळ ढवळला की मासे खोल पाण्यात जातात.

एकटे असाल आणि घाई नसेल तर बाटलीचा सापळा. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा कापा, उलटा करून आत बसवा, स्टेपल करा. बाजूने तापल्या खिळ्याने भोकं पाडा, आत एक दगड आणि शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणकेची गोळी. अर्ध्या मीटर पाण्यात, तोंड काठाकडे करून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी काढायचाच. रात्रभर ठेवलेल्या बाटलीत सकाळी मेलेले मासे आणि एक गुबगुबीत खेकडा सापडतो.

पाण्यात उतरण्याआधी काठीने तळ चाचपा. गुडघ्याच्या वर पाण्यात जायची गरज नाही, टाकीला लागणारे मासे काठालाच असतात. पायावर ताजी जखम असेल तर उतरूच नका, गुरं बसतात त्या पाण्यातून लेप्टोची लागण होते. गमबूट घाला. पाणदिवड जाळीत आली तर जाळी पाण्यात बुडवून तिला जाऊ द्या. बिनविषारी असली तरी चावते.

बादलीत जाताना

जाळीत मासे आले की जाळी पूर्ण बाहेर उचलायची नाही. पिशवीचा तळ पाण्यात बुडलेला ठेवा, त्यात पारदर्शक मग बुडवा आणि मासा पाण्यासकट मगात येऊ द्या. हाताने धरायचं नाही. धरावंच लागलं तर हात ओला हवा, कारण कोरड्या तळव्याला माशाच्या अंगावरचा चिकट थर चिकटून येतो आणि रोग अडवणारा तोच एक थर असतो. शिंगटा जाळ्यात अडकला तर त्याच्या काट्यांची ओढाताण करू नका, कात्रीने जाळीचे दोन धागे कापा. काळपट, लांब मिशांची शिंगी आली तर दुरूनच जाळी पालथी करा. तिचा काटा विषारी आहे. लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांच्या आत, अर्धा तास हात बुडवून ठेवा आणि मग डॉक्टर.

बादली पांढरी, झाकणाची, दहा लिटरची, निम्मी भरलेली. पाणी त्याच तळ्याचं, पण गाळ न ढवळलेल्या जागेवरून घेतलेलं. बॅटरीवरचा हवापंप दोन-तीनशे रुपयांना मिळतो, तो बादलीत चालू ठेवा आणि बादली सावलीत.

निवड काठावरच करा

वरून बघून मासा ओळखता येत नाही. आठ-दहा इंचांचा एक पारदर्शक डबा न्या, एकेक मासा त्यात घालून बाजूने बघा. माशांची नावं दर तालुक्याला बदलतात, त्यामुळे नावापेक्षा खुणा महत्त्वाच्या.

घरच्या टाकीला सगळ्यांत बरी पेथिया टिक्टो, बऱ्याच भागांत खवली म्हणतात त्यांतली एक. अंगावर दोन काळे ठिपके: एक कल्ल्यामागे लहान, दुसरा शेपटीकडे मोठा. चार-पाच सेंटिमीटरची, कडक, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातही राहते. तिच्यासारखीच दिसणारी पुंटियस सोफोर मोठी होते, तिचा एक डाग पाठीच्या पराच्या मुळाशी आणि एक शेपटीच्या मुळाशी असतो. रासबोराच्या अंगावरून शेपटीपर्यंत काळा पट्टा जातो आणि पट्ट्याच्या वर सोनेरी रेघ. ती झुंडीत राहते, पण उडी मारते, टाकीला झाकण हवंच.

पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड वर वळलेला आणि डोक्यावर चांदीचा ठिपका चमकणारा मासा म्हणजे ॲप्लोकायलस, आपली किलीफिश. हा ठिपका काठावरून उभ्याउभ्याही दिसतो. डासांच्या अळ्या खाण्यात याचा हात धरणारा दुसरा नाही, पण दोन सेंटिमीटरपेक्षा लहान माशांनाही तो अळ्याच समजतो. वरवर तसाच दिसणारा गॅम्बुसिया मात्र परका: डासांसाठी १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणलेला. डोक्यावर ठिपका नाही, मादीच्या पोटाशी काळा डाग. टाकीत इतरांच्या शेपट्या कुरतडतो. हा आणि विहिरींत सोडलेला गप्पी दोन्ही टाळा.

काचेसारखे आरपार दिसणारे दोन मासे मिळतात आणि दोघांत फरक करणं जरुरीचं आहे. आखूड, उंच अंगाचा परांबॅसिस रंगा शांत असतो. लांबट अंगाचा, खालचा जबडा पुढे आलेला चांदा नामा दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवलं उपटून खातो. एका चांदा नामाने आठवड्यात अख्खी टाकी बोडकी होते. शंका आली तर दोन्ही सोडून द्या.

वाळूच्या काठाला लेपिडोसेफॅलिक्थिस ही लोच मिळते, तपकिरी ठिपक्यांची, गांडुळासारखी वळवळणारी, तोंडाशी मिशा. तिला टाकीत बारीक नदीची वाळू दोन इंच लागते. खडीवर तिच्या मिशा झिजतात.

परत सोडायचे मासेही ओळखा. रोहू, कटला, मृगळची बोटुकली टाकीत शोभते, पण पुढे किलोची होते आणि ती ठेकेदाराने पैसे देऊन सोडलेली असते. चिलापी भांडखोर. नारिंगी-लाल पिल्लांचा चेंडू पाण्यात तरंगताना दिसला तर मोह होतोच. ती मरळीची पिल्लं, खाली आई-बाप राखण करत असतात आणि वर्षभरात ती तुमची टाकी रिकामी करतील. पश्चिम घाटातले ओढ्यांतले पट्टेरी लोच, विशेषतः बोटिया स्ट्रायाटा, तळ्यात सहसा नसतात. दिसले तरी घेऊ नका, ती जात धोक्यात आहे आणि गार, वाहत्या पाण्याशिवाय कुढत मरते.

एका जातीचे सहा ते आठ घ्या, सगळे मिळून वीसच्या वर नाही. दोन मासे आणले तर ते झुंडीविना कोपऱ्यात दबून बसतात, तीस आणले तर टब सांभाळत नाही. बाकीचे लगेच, त्याच जागी सोडा. पाणवनस्पतींचे गठ्ठे उचलू नका: त्यांतून चतुराच्या अळ्या येतात आणि एक अळी रोज एक पिल्लू खाते. फांदी आणायचीच असेल तर फिक्या गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, धुऊन घ्या. जलपर्णी तर कधीच नाही.

प्रवास

दोन तासांच्या आतलं अंतर असेल तर झाकलेली बादली आणि हवापंप, बाकी काही नको. लांब असेल तर १२ × १८ इंचांच्या पिशव्या, एकात एक दोन. पिशवीत दीड लिटर पाणी आणि वर दुप्पट हवा, लोक नेमकं उलटं करतात. चार सेंटिमीटरचे सहा मासे एका पिशवीत, चार तासांपर्यंत. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात; ऊन असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली कोपऱ्यात, पिशवीला चिकटून नाही. रस्त्यात खायला घालायचं नाही.

घरी आल्यावरची चूक सगळ्यांत महाग पडते. उघड्या बादलीतले मासे सावकाश मिसळा: हवेच्या नळीला गाठ मारून टबातलं पाणी बादलीत थेंबथेंब सोडा, तासाभरात पाणी दुप्पट होईल असं. पण मासे बंद पिशवीतून आणले असतील तर हे करू नका. पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यातला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टबावर तरंगवून तापमान जुळवा, मग उघडून मासे मऊ जाळीने लगेच टबात. दोन्ही पद्धतींत तळ्याचं पाणी टबात ओतायचं नाही. ते झाडांना घाला.

जांभ्यातल्या कोकणी तळ्याचं पाणी मऊ असतं, देशावरच्या बोअरचं कडक. कोकणातले मासे पुण्यात बोअरच्या पाण्यात टाकले तर दुसऱ्या दिवशी पर मिटून तळाला बसतात. अशा वेळी निम्मं आरओचं पाणी मिसळून सुरुवात करा आणि दोन आठवड्यांत हळूहळू नेहमीच्या पाण्यावर आणा.

पहिले चार आठवडे

पहिल्या दिवशी उपास. टबावर अंधार, घरात शांतता. पाण्यात दर लिटरला २ ग्रॅम खडेमीठ. लोच असेल तर निम्मं. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला, बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घाला.

रोज टॉर्च घेऊन बघा. अंगातून दोरा लोंबतोय आणि टोकाला दोन बारीक पिशव्या, तर तो लर्निया. चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढा, जागेवर पोव्हिडोन आयोडीनचा थेंब लावा. अंगावर सरकणारी पारदर्शक टिकली म्हणजे आर्ग्युलस, माशांची ऊ. तीही चिमट्यानेच निघते. रव्यासारखे पांढरे दाणे दिसले तर तापमान दोन दिवसांत ३० अंशांवर न्या, हवा वाढवा आणि दाणे गेले तरी दहा दिवस तसंच ठेवा. दाणा गेला म्हणजे रोग गेला नाही, तो तळाला पडून फुटतो आणि नवी पिल्लं सोडतो.

खाणं हा खरा कसोटीचा भाग. तळ्यातल्या माशाला गोळी म्हणजे खडा. पहिल्या आठवड्यात डासांच्या अळ्या, पाणपिसू किंवा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या. डासांच्या अळ्यांसाठी बाहेर बादली ठेवलीत तर दर दोन दिवसांनी गाळून रिकामी करा. महापालिकेचे लोक बघायला आले तर अळ्या माशांसाठी आहेत हे त्यांना पटणार नाही आणि दंड तुम्हीच भराल. दुसऱ्या आठवड्यापासून ब्लडवर्मच्या रसात भिजवलेली चुरलेली गोळी मिसळत जा. खवली आणि रासबोरा आठ-दहा दिवसांत शिकतात. परांबॅसिस बहुधा कधीच शिकत नाही, त्याला जिवंत किंवा गोठवलेलंच द्यावं लागतं, हे आणण्याआधी ठरवा.

चार आठवडे एकही आजार दिसला नाही की मोठ्या टाकीत. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत सुमारे १०० लिटर पाणी मावतं. तिच्यात आठ टिक्टो, आठ रासबोरा आणि तळाला चार लोच आरामात राहतात. हीटर लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ अंशांवर गेलं तर झाकणाऐवजी जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, रोज एखादा लिटर पाणी वाढवावं लागतं. मासे नकोसे झाले तर तळ्यात परत सोडू नका. टाकीतल्या दुसऱ्या माशांचे रोग ते बरोबर नेतात. दुसऱ्या कुणाला द्या.

टिक्टोची अंडी मिळवणं अवघड नाही. दुसऱ्या टबात तळाला काचेच्या गोट्यांचा एक थर, वर हायड्रिलाची मूठ, पाणी वीतभर. नर लालसर आणि मादी पोटाला फुगलेली झाली की एक जोडी संध्याकाळी सोडा. सकाळी अंडी गोट्यांच्या फटीत पडलेली असतात आणि आई-बापांना तिथपर्यंत पोचता येत नाही. जोडी लगेच काढा, नाहीतर दुपारपर्यंत वर अडकलेली अंडी ते खाऊन टाकतात. दीड दिवसात पिल्लं निघतात, दोन दिवस काचेला चिकटून राहतात, पोहायला लागली की उन्हात ठेवलेल्या हिरव्या पाण्याचा कपभर दिवसातून तीनदा द्या.